कर घेणारा दिसला पाहिजे

महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात १९९९ साली रद्द झाली, तेव्हा गावोगावच्या व्यापाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. ते समाधान रास्तच होते. वेशीवर आडवा टाकलेला बांबू, त्यामागे खोळंबलेल्या मालगाड्यांची रांग, पावती फाडण्यापूर्वीची घासाघीस आणि पावती न फाडताच होणारी ‘समजूत’ हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्यापैकी कोणालाही जकात परत यावी असे वाटणार नाही. भाजीची पाटी आणि सिमेंटची गोणी गावात शिरताना अडवून गावाचा कारभार चालवावा, ही कल्पनाच कालबाह्य झाली होती. जकात गेली हे योग्यच झाले.

मात्र एखादी जुनी व्यवस्था मोडताना तिच्यातील दोषांबरोबर एखादा गुणही निघून जातो, आणि तो गेल्याचे पुष्कळ वर्षांनी लक्षात येते. जकात नाक्याचा एकच गुण होता. तो डोळ्यांना दिसत असे. कर कोण घेतो, किती घेतो आणि कोणाच्या तिजोरीत भरतो, हे वेशीवरच्या गाडीवानालाही ठाऊक असे. पावतीवर नगरपालिकेचे नाव असे. त्याच नगरपालिकेच्या रस्त्यावर खड्डा पडला, तर ती पावती हातात धरून नगरसेवकाच्या दारात जाण्याचा अधिकार व्यापाऱ्याला आपोआप मिळत असे. नाका गेला आणि हा सरळ संबंधही गेला. त्याच्या जागी दुसरा संबंध निर्माण करण्याचे उत्तरदायित्व शासनाचे होते. गेल्या पाव शतकात ते पार पाडले गेले काय, हा खरा प्रश्न आहे.

पैसा गावचा, वाट मुंबईची

पेण आणि रोहा-अष्टमी या रायगड जिल्ह्यातील दोन जुन्या नगरपरिषदा. पेणची ख्याती गणेशमूर्तींची. येथे आणि शेजारच्या हमरापूर-जोहे परिसरात घडलेल्या मूर्ती देशभर आणि परदेशातही जातात. रोहा हे कुंडलिकेच्या काठचे गाव. कोकण रेल्वेचा मार्ग येथून सुरू होतो, आणि शेजारी धाटाव येथे रसायनांची औद्योगिक वसाहत आहे. दोन्ही ठिकाणी उत्पादन आहे, व्यापार आहे, नोकरदार वर्ग आहे. म्हणजेच दोन्ही गावे भरपूर कर भरतात. हा कर कोणत्या वाटेने जातो आणि त्यातील किती परत येतो, हे मात्र तेथील सुशिक्षित नागरिकालाही सांगता येणार नाही.

जकात बंद झाल्यावर तिच्या बदल्यात नगरपरिषदांना शासनाकडून सहायक अनुदान मिळू लागले. वस्तूंवरील कर राज्य शासन गोळा करणार आणि त्यातून नगरपरिषदांची तूट भरून देणार, अशी ही व्यवस्था होती. आधी विक्रीकर होता, १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर. करांची नावे बदलली, पण पेणच्या बाजारपेठेतील ग्राहकाने भरलेला पैसा मुंबईला जाऊन अनुदान म्हणून पेणला परत येण्याचा मार्ग तोच राहिला. या लांबच्या प्रवासात एक सूक्ष्म बदल घडला. जो पैसा गावाच्या हक्काचा होता, तो शासनाच्या कृपेचा भासू लागला. अनुदान आले की त्याचे श्रेय घेणारे अनेक जण पुढे येतात. ते लांबले की नगरपरिषद मुंबईकडे बोट दाखवते आणि मुंबई नगरपरिषदेच्या वसुलीकडे. नागरिक दोन्ही बोटांच्या मध्ये उभा राहतो.

मोठ्या शहरांच्या बाबतीत शासनाने वेगळी काळजी घेतली आहे. २०१७ साली महानगरपालिकांची जकात आणि स्थानिक संस्था कर संपुष्टात आले, तेव्हा त्यांच्या नुकसानभरपाईसाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. २०१६-१७ हे आधारभूत वर्ष धरून भरपाईत दरवर्षी चक्रवाढीने ८ टक्के वाढ देण्याची हमी त्या कायद्यात आहे. मुंबई महानगरपालिकेला ६४७ कोटी रुपयांचा पहिला हप्ता जुलै २०१७ च्या पहिल्याच आठवड्यात समारंभपूर्वक देण्यात आला. त्यात गैर काही नाही. मुंबईचा कारभार एक दिवसही थांबून चालणार नाही. परंतु नगरपरिषदांचे अनुदान वर्षानुवर्षे शासन निर्णयांच्या आधारे ठरत आले. मोठ्या शहराला कायद्याची हमी आणि लहान गावाला कागदी आदेशाचा आधार, हा भेद समर्थनीय नाही. पेणच्या सफाई कामगाराचा पगारही महिन्याच्या महिन्यालाच द्यावा लागतो.

दोन टक्क्यांचा न्याय

उत्तरदायित्व म्हणजे काय, हे समजण्यासाठी मोठे ग्रंथ चाळण्याची आवश्यकता नाही. विलंबाची किंमत कोण मोजतो, एवढे पाहिले तरी पुरे.

नगरपरिषदेचा मालमत्ता कर नागरिकाने वेळेत भरला नाही, तर थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. म्हणजे वर्षाला २४ टक्के. सावकारालाही संकोच वाटावा असा हा दर आहे. थकबाकीदारांना वठणीवर आणण्यासाठी शास्ती हवीच, कारण काही जण ऐपत असूनही कर बुडवतात आणि त्यांचा भार प्रामाणिक करदात्यांवर पडतो. परंतु शासनाकडून यावयाचे अनुदान लांबले, त्यामुळे गटाराचे काम पावसाळ्यापूर्वी झाले नाही आणि पाणी घरांत शिरले, तर त्या विलंबाची शास्ती कोणावर बसते? कोणावरही नाही.

आयकराच्या बाबतीतही तराजूची दोन पारडी समान नाहीत. विवरणपत्र उशिरा भरल्यास किंवा आगाऊ कर कमी भरल्यास करदात्याकडून दरमहा १ टक्का व्याज घेतले जाते. शासनाकडे जास्तीचा पैसा पडून राहिला आणि परतावा द्यावयाचा झाला, तर त्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. नागरिकाचा उशीर एक टक्क्याचा आणि शासनाचा अर्ध्या टक्क्याचा. रक्कम किरकोळ असेल, पण त्यामागील मनोवृत्ती किरकोळ नाही. देणे देणारा लहान आणि घेणारा मोठा, हा राजेशाहीच्या काळातील समज लोकशाहीतील कायद्यांतही मुक्काम करून आहे.

कर होता, सभागृह नव्हते

या विषयातील सर्वांत गंभीर बाब अलीकडची आहे आणि तिची जेवढी चर्चा व्हावयास हवी होती, तेवढी झाली नाही. पेण आणि रोहा येथे २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या सभागृहांची मुदत २०२१ सरताना संपली. त्यानंतर इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादांत राज्यभरच्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका अडकल्या. अखेर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिला आणि नगरपरिषदांच्या निवडणुका २०२५ च्या डिसेंबरमध्ये झाल्या. मधली जवळजवळ ४ वर्षे या गावांचा कारभार प्रशासकाच्या हाती होता.

या ४ वर्षांत मालमत्ता कराची देयके थांबली नाहीत. पाणीपट्टी थांबली नाही. शास्ती थांबली नाही. थांबले ते केवळ सभागृह. अर्थसंकल्पावर प्रश्न विचारणारा, ठेका कोणाला आणि का दिला याचा जाब मागणारा, वाढीव आकारणीविरुद्ध गाऱ्हाणे ऐकणारा निवडून दिलेला माणूस नव्हता. प्रशासक हे शासनाचे अधिकारी. त्यांच्यापैकी अनेकांनी प्रामाणिकपणे काम केलेही असेल. परंतु अधिकारी शासनाला उत्तर देतो. मतदाराला उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर नसते.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. सभागृहाची मुदत ५ वर्षांची असेल आणि ती संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे अनुच्छेद २४३-यू स्पष्ट सांगतो. कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येणार नाही, असे अनुच्छेद २६५ सांगतो. यांपैकी दुसऱ्या अनुच्छेदाचे अक्षर पाळले गेले आणि पहिल्याचा विसर पडला. कोणत्याही एका पक्षाला दोष देऊन या प्रकरणातून सुटका होणार नाही, कारण या काळात राज्यात सत्तांतर झाले आणि वेगवेगळ्या पक्षांनी मंत्रालयात कारभार केला. लहान गावांच्या सभागृहांवाचून कोणाचेच फारसे अडले नाही, हेच खरे दुखणे आहे.

कचेरी संगणकात गेली

केंद्राच्या करप्रशासनातही गेल्या दोन दशकांत मोठे स्थित्यंतर झाले. आयकर विवरणपत्रांची छाननी बेंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्रात होऊ लागली. १३ ऑगस्ट २०२० रोजी चेहराविरहित करनिर्धारण आणि करदात्यांची सनद यांची घोषणा झाली. पेणच्या व्यापाऱ्याचे प्रकरण देशातील कोणत्या शहरातील कोणता अधिकारी पाहत आहे, हे आता त्या व्यापाऱ्याला कळत नाही आणि अधिकाऱ्यालाही व्यापारी भेटत नाही. या सुधारणेचे स्वागतच केले पाहिजे. टेबलाखालचा व्यवहार थांबवायचा, तर टेबलच काढून टाकणे हा एक प्रभावी उपाय आहे. लाखो पगारदारांना परतावा घरबसल्या आणि थोड्या दिवसांत मिळू लागला, हे त्याचेच फळ.

तरीही चेहरा काढताना कानही काढला जाणार नाही, याची दक्षता हवी. रोह्यातील एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या ठेवीवर बँकेने कापलेला कर खात्यात दिसत नसेल आणि उलट त्यालाच मागणीची सूचना आली, तर त्याने कोठे जावे? संकेतस्थळावर तक्रारीची सोय आहे. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माणसाला परवलीचे शब्द, भ्रमणध्वनीवर येणारे अंक आणि इंग्रजीतील पर्याय यांच्या जंजाळातून वाट काढता येतेच असे नाही. मग तो कर सल्लागाराकडे जातो आणि शासनाच्या चुकीची दुरुस्ती स्वतःच्या खर्चाने करून घेतो. कचेरी बंद झाल्याने किंवा दूर गेल्याने शासनाचा जो खर्च वाचतो, त्यातील काही भाग असा गुपचूप नागरिकाच्या खिशातून वसूल होत असतो.

आयकराच्या तक्रारींसाठी २००३ साली लोकपाल नेमण्यात आले होते. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१९ मध्ये ती व्यवस्था रद्द केली. तिच्याकडे येणाऱ्या नव्या तक्रारींची संख्या एक आकडी झाली आहे आणि ऑनलाइन तक्रारीचे पर्याय उपलब्ध आहेत, असे कारण देण्यात आले. हे लोकपाल निवडक मोठ्या शहरांत बसत. पेण-रोह्याच्या किती करदात्यांना त्यांचे अस्तित्व ठाऊक होते? ज्या दाराचा पत्ता कोणाला सांगितला नाही, त्या दारावर थाप पडत नाही म्हणून ते दार बंद करायचे, असा हा न्याय झाला.

अंतर किती महाग पडते, याचे उदाहरण पेणच्या मूर्तिकारांच्या व्यवसायातच सापडते. वस्तू व सेवा कर लागू झाला १ जुलै २०१७ रोजी. त्या वर्षी गणेश चतुर्थी होती २५ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ५ सप्टेंबरला. मातीच्या मूर्तींवरील कर शून्यावर आणण्याचा निर्णय वस्तू व सेवा कर परिषदेने घेतला तो ९ सप्टेंबर २०१७ रोजी, म्हणजे विसर्जनानंतर चौथ्या दिवशी. निर्णय योग्य होता आणि पुढील वर्षांसाठी उपयुक्तही ठरला. मात्र हा व्यवसाय वर्षभर राबतो आणि एका सणावर जगतो, हे ठाऊक असलेला एक जरी माणूस निर्णयाच्या प्रक्रियेत वेळीच ऐकला गेला असता, तर हाच निर्णय जूनमध्ये झाला असता. करप्रशासनाला गावाचे पंचांग ठाऊक असले पाहिजे. ते संगणकाला आपोआप कळत नाही. ते सांगणारा माणूस लागतो आणि ऐकणाराही.

रयतेपर्यंत जाणारा सुभेदार

ज्या जिल्ह्याला रायगडाचे नाव आहे, तेथे करव्यवस्थेचा विचार परकीय पुस्तकांतून आणण्याचे कारण नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, ही त्यातील आज्ञा सर्वांच्या स्मरणात आहे. त्या पत्राचा उरलेला भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणब्यांना एकत्र करावे, कोणाजवळ कष्ट करण्याचे बळ आहे पण बैल आणि दाणे नाहीत, हे पाहावे, त्याला ते द्यावे आणि दिलेली रक्कम वाढीदिढीवाचून, त्याच्या शक्तीप्रमाणे हळूहळू परत घ्यावी, असा तो आदेश आहे. वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याने रयतेच्या दारी जावे, हा त्याचा मथितार्थ. साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून जे साधत होते, ते वेगवान महामार्ग आणि महाजालाच्या काळात अशक्य ठरावे, हे शोभणारे नाही.

स्वतंत्र भारतातही या मातीने उत्तरदायित्वाचा आदर्श दिला आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळातील केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे. देशाच्या करांची धुरा वाहणाऱ्या या पुरुषाने मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडले. पुढे १९५९ साली त्यांनी सत्तास्थानी असलेल्यांविरुद्धच्या तक्रारींच्या चौकशीसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणाची मागणी जाहीरपणे केली. पंतप्रधान नेहरूंनी ती मान्य केली नाही. परंतु कर घेणाऱ्या सत्तेला प्रश्न विचारणारी यंत्रणा सत्तेच्या बाहेर असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच समर्पक आहे.

मागणी काय असावी

जकात नाके पुन्हा उभारा किंवा प्रत्येक गावात करखात्याची जुनी कचेरी उघडा, अशी मागणी करणे म्हणजे काळाचे चाक उलटे फिरवणे होय. मागणी साधी आणि नेमकी असावी. पेण आणि रोहा यांसारख्या प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, तहसील कचेरीत किंवा नगरपरिषदेच्या इमारतीत, राज्याच्या व केंद्राच्या करांविषयी मराठीत मार्गदर्शन करणारा आणि तक्रार नोंदवून तिची पोच देणारा अधिकारी आठवड्यातील ठरावीक दिवशी बसावा. नगरपरिषदांच्या अनुदानाला महानगरपालिकांप्रमाणे कायद्याची हमी मिळावी आणि ते कोणत्या तारखेला मिळेल हे निश्चित असावे. शासनाच्या विलंबाला तोच व्याजदर लागावा, जो नागरिकाच्या विलंबाला लागतो. आणि नगरपरिषदेला शासनाकडून किती रक्कम कोणत्या तारखेला मिळाली, मालमत्ता कराची वसुली किती झाली व खर्च कशावर झाला, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी नगरपरिषदेच्या दारावर लागावा.

यातील शेवटच्या मागणीसाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. माहितीचा अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. त्याचे कलम ४ अशी माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करण्याचे बंधन घालते. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा केला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद त्यात आहे. मालमत्ता कराचा उतारा किंवा थकबाकी नसल्याचा दाखला यांसाठी नागरिकाला हेलपाटे घालावे लागत असतील, तर हे शस्त्र म्यानात ठेवण्याचे कारण नाही.

येथे समाजाच्या कर्तव्याचा विचार येतो. जो स्वतः कर बुडवतो, त्याला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार उरत नाही. जो प्रामाणिकपणे कर भरतो आणि नंतर कधीच काही विचारत नाही, तोही अर्धेच नागरिकत्व बजावत असतो. प्रत्येक गावात गणेशोत्सव मंडळे आहेत, वाचनालये आहेत, ज्येष्ठ नागरिकांचे संघ आहेत, निःस्वार्थ बुद्धीने काम करणारे कार्यकर्ते आहेत. मंडळाच्या वर्गणीचा हिशेब उत्सवानंतर फळ्यावर लावण्याची प्रथा अनेक ठिकाणी आजही पाळली जाते. दहा रुपये देणारा माणूसही त्या फळ्यापुढे उभा राहून आकडे वाचतो आणि शंका आली तर विचारतो. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प याच वृत्तीने वाचला गेला पाहिजे. गावातील चार जाणत्या माणसांनी तो मिळवावा, सोप्या भाषेत मांडावा आणि वाचनालयात एका संध्याकाळी त्यावर चर्चा घडवावी. या कामाला पैसा लागत नाही, पदही लागत नाही.

पेण आणि रोह्यात ४ वर्षांच्या खंडानंतर सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली आहेत. निवडून आलेल्यांचा पक्ष कोणताही असो, त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न हाच असावा की, मधल्या काळात गावाने किती दिले, गावाला किती मिळाले आणि ते कोठे गेले. हा हिशेब मागण्यात कोणाविषयी वैरभाव नाही. वर्गणी देणाऱ्याने फळा वाचावा, इतकी ती स्वाभाविक गोष्ट आहे. वेशीवरचा बांबू कायमचा उचलला गेला, ते चांगले झाले. त्या ठिकाणी आता हिशेबाचा फळा उभा राहावयास हवा.